गाजर राहिलं

भाऊ, गाजर कापलं गेलं.

चितेगावच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेसवर तुम्ही शेवटचं काम केलंत तिच्याच जबड्यात. एक दणका बसला आणि चांगलं मनगटाएवढं गाजर चपटं होऊन दोन तुकड्यांत पडलं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं अक्षर लिहिता येणार नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

उद्या तुमचं तेरावं. वसाहतीच्या कामगार अंकासाठी चार ओळी लिहून दे, असं आपले मालक म्हणाले. त्या दिल्या. दिगंबरभाऊ मनमिळाऊ होते, असं त्यात लिहिलंय. तुम्ही कसले मनमिळाऊ! सहा वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि आपलं एकही भांडण धड मिटलं नाही. अंकातल्या चार ओळी लोकांसाठी आहेत. हे तुमच्यासाठी, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

मला भीती वाटते, भाऊ. तुम्ही गेल्याचं दुःख अजून पुरतं घरात आलेलंच नाही, भीतीनं त्याला उंबऱ्यावरच थांबवून ठेवलंय. तुम्ही असतात तर हसला असतात. माझं नाव भागीरथी, घरी भागू. पहिल्याच दिवशी मी गरम सोल्डरिंगची कांडी बघून हात मागे घेतला आणि तुम्हाला आयतंच सापडलं. "ही तर भित्री भागूबाई आली की!" तेव्हापासून चिकलठाण्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मला कुणी भागीरथी म्हटलं नाही.

पण माझ्या भीतीचा तुम्हाला उपयोगही होत होता, हे तुम्ही एकदा कबूल केलंत. आपण प्रेसला कंट्रोल कार्ड, म्हणजे प्रेसनं कधी चालायचं नि कधी थांबायचं ते ठरवणारी पाटी, बसवायचो. प्रेसच्या तोंडाशी एका बाजूनं प्रकाश सोडायचा, समोर तो प्रकाश बघणारा डोळा बसवायचा. मध्ये माणसाचा हात आला की डोळ्याला प्रकाश दिसत नाही, कार्डला ते कळतं आणि प्रेस जागच्या जागी थांबते. हे खरंच होतंय की नाही, हे बघायची आपली रीत म्हणजे गाजर. मी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेस खाली यायला लागली की तुम्ही शेपटाकडून धरलेलं लांब गाजर आत घालायचं. प्रेस थांबली, गाजर अख्खं राहिलं, की काम पास. मग ते गाजर धुऊन अर्धं तुम्ही खायचात, अर्धं मला. काडीला बांधा ना, असं मी दर वेळी म्हणायची. "काडीला बांधलं म्हंजे आपलाच आपल्या कामावर भरोसा नाय," तुम्ही म्हणायचात. आणि एक नियम तुमचाच होता. बटणावर एक माणूस आणि गाजराला दुसरा. एकट्यानं गाजर करायचं नाही, कधीच नाही.

आपलं मोठं भांडण पत्त्यांचं. कार्डाला बटण, मोटर, डोळा ही जी जी तार जोडलेली असते, तिचा एक आकडा असतो. त्याला आपण पत्ता म्हणायचो. तुम्ही प्रोग्राम लिहायचात तेव्हा जिथं डोळ्याचं काम असेल तिथं तिथं डोळ्याचा आकडाच घालायचात, मोटरचं असेल तिथं मोटरचा. एकेका प्रोग्राममध्ये चाळीस-चाळीस जागी. मग ते चिपमध्ये भरायचं, म्हणजे कोरलंच. कार्डाचा नमुना बदलला की आकडे बदलायचे आणि चाळीसही जागा शोधत बसायचं. कुठला आकडा कशाचा, हे कागदावर कुठंच नाही. सगळं तुमच्या डोक्यात.

मी म्हणायची, प्रोग्राममध्ये नुसतं 'डोळा' म्हणा, आणि डोळा कुठं राहतो त्याची एक यादी चिपच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवा. कार्ड बदललं तर यादी बदलायची, प्रोग्रामला हात लावायचा नाही.

"तुझ्या बापाची मेंढरं हायत व्हय गं ही, रोज उठून चालाया?"

तुम्ही चिडवायला म्हणालात, पण मला ते तिथूनच सुचलं होतं. दिवाळी झाली की आमचे बाबा कळप घेऊन करमाडहून निघायचे ते गोदाकाठाकडे. आज या शिवारात, उद्या त्या. आम्हाला कुठला आलाय पत्ता! मामाचं पत्र यायचं त्यावर बाबांचं नाव आणि खाली 'मार्फत, शाळेचे मास्तर, करमाड' एवढंच. मास्तरांनी दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवलेलं असायचं, कुणाचा कळप सध्या कुठं बसलाय. कळप हलला की बाबा कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचे, मास्तर जुनं पुसून नवं लिहायचे. मामाला काही कळवावं लागत नसे. पत्र कधी चुकलं नाही. मी लहानपणी त्या दाराकडे बघत बसायची. आपण नेमके कुठं आहोत हे कुणीतरी लिहून ठेवलंय, याचा केवढा धीर वाटायचा.

तुम्हाला ते पटायचं नाही, आणि का पटावं? बिडकीनला तुमची जमीन पाच पिढ्या एकाच जागी. "आमचा बांधसुदीक हलला नाय कधी," असं तुम्ही छाती काढून सांगायचात. ज्याचं घर हललं नाही त्याला पत्ता कोरून ठेवण्यात काय अडचण?

तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता आणि आता तोच माझ्या मानगुटीवर बसलाय. "कोरलेला पत्ता चुकला तर एका जागी चुकतो. यादीत एक ओळ सरकली की सगळा गाव सरकतो, भागूबाई. अन् यादीत कुणीबी हात घालंल."

यादी हा शब्दच तुम्हाला सोसायचा नाही. मी विचारलं होतं एकदा, दुपारच्या चहाला. रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी चालू होती. तुम्ही रेडिओ बंद केलात आणि कपाकडे बघत बोलायला लागलात.

"मी आजोळी व्हतो तवा. अठरा-एकोणीसचा आसंन. ह्याच नावावरून पेटलं व्हतं सगळीकडं. चावडीपाशी माणसं जमली. कुणीतरी हातात कागद दिला. म्हनले, तू शिकलेला हायस, वाच. नावं व्हती त्यावर, अन् कोण कुठल्या घरात ऱ्हातंय ते. मला वाटलं रेशनचं काय तरी आसंल."

"मग?"

"वाचलं की. पयलं नाव मोठ्यानं वाचलं."

एवढं बोलून तुम्ही सोल्डरिंगची कांडी उचललीत आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाहीत. पहिल्या नावाच्या घराचं पुढं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको होतं, तेही कळत नाही. एवढंच कळलं की तुम्ही पत्ते डोक्यात ठेवता ते आळसानं नाही. "डोक्यातलं कुणी हिसकून नेत नाय," असं तुम्ही नंतर एकदा म्हणालात. आणि मी, जिभेला हाड नसल्यासारखी, फाडकन बोलले, "आणि उद्या तुम्हीच नसलात तर?"

"मी कुठं चाल्लोय?" तुम्ही म्हणालात.

ते बोलणं मला परत घेता आलं तर मी घेईन, भाऊ.

चितेगावच्या प्रेसचं कार्ड जळलं आणि आपल्याकडे शिल्लक होतं ते नव्या नमुन्याचं. सगळे आकडे वेगळे. चाळीस जागा शोधायला वेळ नव्हता, त्यांचं काम अडलं होतं. तेव्हा तुम्ही हात टेकलेत. "बरं बाई, तुझ्या यादीवर करू एकदा. होऊन जाऊ दे तुझ्या मनासारखं." तुमचा चेहरा त्या आठवड्यात उतरलेला होता, डोळे पिवळट दिसत होते. मला मात्र जिंकल्याचा आनंद झाला होता. पूर्ण संध्याकाळ बसून मी यादी लिहिली. रेघा आखलेल्या कागदावर, ओळींना आकडे घालून, सुवाच्य अक्षरात. डोळा सगळ्यात महत्त्वाचा म्हणून त्याला पहिला मान. डोळ्याच्या तपासणीचा प्रोग्रामचा तुकडाही मीच लिहिला, तो थेट यादीच्या पहिल्या ओळीत बघायचा. कागद तुमच्या हाती दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर चितेगावला जायचं ठरलं.

त्या दिवशी मी आले नाही.

संक्रांत तोंडावर होती आणि विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला होता. शहरात कुठं पेढे वाटत होते, कुठं दुकानांची शटरं खाली. पैठण रोडला टायर जाळलेत, असं एक जण सांगायचा, दुसरा म्हणायचा काही नाही, सगळं शांत आहे. बस मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. मी शेजारच्यांच्या फोनवरून तुम्हाला कळवलं, "भाऊ, बाबा नको म्हणतात."

"ऱ्हाऊ दे मंग. भेवू नको. मी जाऊन येतो."

बाबा नको म्हणाले नव्हते. बाबा तेव्हा गोदाकाठी होते कळपाबरोबर, त्यांना काही ठाऊकही नव्हतं. मी घाबरले होते आणि तसं सांगायची लाज वाटली. सहा वर्षं उघडपणे भित्री म्हणून मिरवले आणि नेमकं त्या दिवशी खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं. कावीळ पोटात मुरली होती. मी दोनदा आले. दुसऱ्या वेळी तुमचं बोलणं तुटक झालं होतं. माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "गाजर राहिलं गं."

तुमच्या आई उशाशी होत्या. "सकाळधरनं गाजरच मागतोय," त्या म्हणाल्या. "कीस करून भरवला तरी म्हनतो ऱ्हायलं, ऱ्हायलं."

आणि मी काय केलं, भाऊ? मी बाहेर गेले, गाडीवरून गाजराचा रस आणला आणि चमच्यानं तुम्हाला पाजला. तुम्ही मान हलवत होतात. मला वाटलं, चव लागत नसेल. तोंडातून रस ओघळला तो मी पदरानं पुसला. गाजर म्हणजे काय, हे अख्ख्या दवाखान्यात फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि त्यातलं दुसरं माणूस चमचा धरून बसलं होतं.

दवाखान्यातल्या अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी मी शेडमध्ये गेले. तुमच्या खुर्चीकडे बघवेना, म्हणून काहीतरी काम काढायचं म्हणून चितेगावच्या चिपची आपल्याकडची जोडप्रत यंत्राला लावून वाचायला घेतली. म्हटलं, बघू तरी आपली यादी आत कशी दिसते. पडद्यावर पहिला आकडा आला एफएफ. चिपची कोरी जागा वाचली की एफएफ दिसतं, काहीच न लिहिलेली जागा. दुसऱ्या ओळीत डोळ्याचा पत्ता, तिसऱ्या ओळीत बटणाचा. सगळं एक ओळ खाली.

मी माझा कागद काढला. तुमच्या अक्षरात बाजूला खुणा होत्या. आणि सगळ्यात वर, शून्य आकड्याच्या ओळीवर, कारण चिपमधली मोजणी शून्यापासून सुरू होते, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, श्री.

सवय, भाऊ. मास्तरांनी लावलेली. कोरा कागद घेतला की आधी वर श्री. यादी, उत्तरपत्रिका, किराणा, काहीही असो. माझ्या लक्षातही नव्हतं की ओळींना आकडे घातल्यावर तो श्री एका ओळीवर बसलाय. अंगात ताप घेऊन तुम्ही तो कागद उतरवायला बसलात. पहिली ओळ श्री. देवाला कुठला पत्ता? ती जागा तुम्ही कोरी सोडलीत आणि पुढचं भरत गेलात. मग बटण चालेना तेव्हा तुमच्या ध्यानात आलं असणार की ओळ सरकलीय, आणि तुम्ही बटण, मोटर, बाकी सगळ्यांना एक ओळ खाली बघायला लावलंत. सगळं सुरू झालं. राहिला तो माझा तुकडा. डोळ्याची तपासणी. ती पहिल्याच ओळीत बघत होती, श्रीच्या ओळीत.

आणि आपल्या कार्डाची खोड तुम्हाला ठाऊक आहे. ज्या पत्त्यावर कुणी राहत नाही तिथं विचारलं तर उत्तर येतं, सगळं मोकळं आहे, येऊ द्या प्रेस खाली.

तेव्हा, त्या खुर्चीसमोर उभी असताना, मला तुमचं गाजर कळलं. प्रेस त्या दिवसापासून चालू होती. अडीच आठवडे.

चितेगावला फोन लागेना. मी जोडप्रतीतल्या कोऱ्या जागेत डोळ्याचा पत्ता भरला. कोऱ्या जागेवर नंतरही लिहिता येतं, पुसावं लागत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. चिप चांदीच्या कागदात गुंडाळली. जाताना भाजीवाल्यासमोर थांबून दोन गाजरं घेतली. मग माझ्या मोपेडवर, जी मी कधी सिडकोच्या पुढं नेली नाही, पैठण रोडला लागले. तुम्ही गेल्यापासून शहर निवळलं होतं, पण नाक्यावर अजून पोलिसांची गाडी उभी होती, रस्त्यावर जळलेल्या टायरचा काळा गोल तसाच होता. एका वळणावर चार-पाच माणसं उभी होती. त्यांनी हात केला, मी थांबले नाही. ते बहुतेक लिफ्ट मागत असतील. मला रडू येत होतं आणि ट्रकचा वारा लागला की मोपेड हलत होती. सारखं मनात यायचं, आत्ता. आत्ता या क्षणाला कुणाचा तरी हात आत असेल.

प्रेसवर साळवे होते. तुम्ही त्यांना ओळखता, उंच, कपाळावर जुना वण असलेले. दोन मुलींचा बाप. त्यांचा हात मनगटापर्यंत आत होता, पत्र्याचा तुकडा सरळ करत होते, आणि बटणांवर दुसराच माणूस उभा होता. मी दारातूनच ओरडले. कारखानाभर माना वळल्या. त्यांनी हात बाहेर काढला आणि मी पहिल्यांदा बोटं मोजली. दहा होती.

"काय झालं, बाई?"

मला वाटत होतं माझी चूक असावी, हिशोबात मीच घोटाळा केला असावा. म्हणून जुनी चिप होती तशीच ठेवून आधी गाजर केलं. त्यांना दोन्ही बटणांवर उभं केलं. काडी न बांधण्याचा तुमचा हट्ट मोडला आणि गाजर ज्वारीच्या लांब काडीला बांधून लांबून आत घातलं. प्रेस खाली आली. थांबली नाही.

साळवे त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे. सुपरवायझर धावत आला, काहीतरी बोलत होता. साळवेंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते एका रिकाम्या पेटीवर बसले.

"भाऊ म्हनले व्हते," ते म्हणाले. "फिटिंगच्या दिशी जाताना म्हनले, साळवे, अंगात लई ताप हाय, एक तपासणी ऱ्हायली. दोन दिसानं बाईला घेऊन येतो. तंवर चिमट्यानं माल घाल, हात नको घालू. ह्यांनाबी सांगितलं व्हतं." त्यांनी सुपरवायझरकडे बोट केलं. "चार दिस घातला म्या चिमट्यानं. मंग हेच म्हनले काम लई धीमं चाल्लंय, भाऊ काय आता येत नाय."

पुढं ते जे म्हणाले ते मला झोपेतही ऐकू येतं.

"आमच्या वस्तीत ह्या महिन्यात कुणी सुखानं जेवलं नाय, बाई. नाव मिळालं, लई आनंद झाला, पण पोरींना आतल्या खोलीत बसवून मी दारात उभा. रस्त्यानं कामावर येताना भेव, जाताना भेव. ह्या मशीनपाशी आलो की तेवढं भेव नसायचं. म्हनलं, हितं डोळा हाय. हितं आपल्याकडं कुणीतरी बघतंय."

कुणी बघत नव्हतं, भाऊ. माझ्या श्रीच्या ओळीत कुणी राहत नव्हतं. चावडीपाशी तुमच्या हाती कागद दिला गेला तेव्हा तुम्ही पहिली ओळ मोठ्यानं वाचलीत, आणि माझ्या कागदावरची पहिली ओळ तुम्ही कोरी सोडलीत. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नाही, मला माहीत आहे. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन्ही कागद एकाच खणात पडलेले आहेत.

मी चिप बदलली. ती नीट बसलीय ना, हे तीनदा बघितलं. मग दुसरं गाजर काढलं.

"द्या हिकडं, मी धरतो," साळवे म्हणाले. "मला सवं हाय आत हात घालायची."

मी नाही म्हटलं. काडी टाकून दिली. तुम्ही धरायचात तसं शेपटाकडून धरलं आणि त्यांना म्हटलं, तुम्ही बटणावर. त्यांनी बटणांवरचे हात काढून घेतले. "बाई, काडीला तरी बांधा." अगदी माझंच वाक्य. मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

बटणं दाबली. वरून लोखंड खाली यायला लागलं. इतकी वर्षं मी ते बटणाच्या बाजूनं बघितलं होतं, गाजराच्या बाजूनं ते किती मोठं दिसतं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी डोळे मिटले आणि हात पुढं केला. खट् असा आवाज झाला आणि मग काहीच नाही. डोळे उघडले तर प्रेस अधांतरी थांबलेली, आणि गाजर अख्खं, माझ्या हातात लटलट हलत होतं.

अर्धं साळवेंनी खाल्लं. मला नाही खाववलं.

काल बिडकीनला जाऊन आले. अंगणात बायका बसल्या होत्या. तुमच्या आईनं मला हाताला धरून आत नेलं. आईच्या मनात तेच अडकलंय, भाऊ. "गाजराचा कीस केला, रस पाजला, तरी म्हनं ऱ्हायलं, ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "तुला तरी ठावं हाय का गं, माझ्या लेकराचं काय ऱ्हायलं व्हतं?"

"एक तपासणी राहिली होती, आई," मी म्हणाले. "ती मी केली."

"नीट निघाली?"

"हो. नीट निघाली."

पहिल्या गाजराचं नाही सांगितलं. श्रीचं तर नाहीच. ते तुमचं माझं.

तुम्हाला एवढं सांगायचं राहिलं की तुमचं म्हणणं खरं होतं, ओळ सरकली की गाव सरकतो. आणि माझंही खरं होतं, कारण तो सरकलेला गाव मी एका कागदावर बघू शकले. तुमच्या डोक्यात असता तर मी तो कुठं शोधला असता? पुढं कोण बरोबर, हे ठरवायला आता तुम्ही नाही. आपल्या कार्डांच्या आणखी बावीस प्रेस आहेत, वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याच्या बाजूला. सगळ्यांत तुम्ही कोरलेले पत्ते. ते आज बरोबर आहेत, पण ज्या दिवशी कार्ड जळेल त्या दिवशी ते कुणाला विचारायचे? म्हणून एकेक चिप वाचून मी यादी करायला घेतलीय. श्री आता कागदाच्या पाठीमागे लिहिते. प्रत्येक यादी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तारेशी ताडून बघितल्याशिवाय पहिल्या ओळीच्या पुढं जात नाही.

मला अजून भीती वाटते. मोपेडवर बसताना वाटते, चिप लावताना वाटते, तुमच्या खुर्चीकडे बघताना तर फारच. तेरावं झालं की परवा वाळूज. साळवेंनी सांगितलंय, सुट्टी टाकतो, बटणावर मी येतो. गाजर मी धरणार आहे, काडीशिवाय. हात थरथरेल. थरथरू दे, भाऊ. डोळ्याला थरथरणारा हातही दिसतो.